वहिनींना एमएस आहे, मग व्यायाम करू द्यायचा की नाही?

पाचोरा तालुक्यातल्या एका दिराने आपल्या वहिनीसाठी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वहिनी ३२ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, नंतर डाव्या पायाला मुंग्या आल्या. एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. औषध सुरू आहे. मार्च लागल्यापासून मात्र दुपारी पाय जड होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी ‘पूर्ण आराम करा, अंग शिणवू नका’ असं सांगितलं, म्हणून त्या दिवसभर पडून असतात. आई म्हणते हे सोंग आहे. फिजिओथेरपी आणि पुनर्वसन वगैरे माणूस पांगळा झाल्यावर करायचं असतं ना? आत्ता व्यायाम केला तर आजार वाढेल का?

मी जळगावात २२ वर्षं फिजिओथेरपी करते. माझं अर्धं काम पेशंटबरोबर असतं आणि अर्धं मोजमापाचं: एमएस असलेली माणसं किती चालतात, कधी थकतात, कशाने सावरतात. त्या अनुभवावरून सांगते. व्यायाम करू द्या. नुसता करू द्या असं नाही, तो झालाच पाहिजे. पण कोणत्या वेळी करायचा ते आपल्या खानदेशात फार जपून ठरवावं लागतं, आणि वहिनींच्या बाबतीत गोंधळ नेमका तिथेच झालाय असं मला वाटतं.

दुपारी पाय जड होतात ते का, ते आधी बघू. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जातो, पण कसाबसा, काठावर पास झाल्यासारखा. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढलं तरी काही तंतूंमध्ये तो तेवढाही जात नाही. तुमच्या विहिरीवर मोटर असेल तर हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुं घुं करते, पाणी उचलत नाही. मोटर जळालेली नसते. व्होल्टेज आलं की तीच मोटर पुन्हा पाणी फेकते. उन्हाने आलेली एमएसची कमजोरी या जातीची असते. अंग थंड झालं की ती ओसरते आणि मागे नवी इजा ठेवत नाही.

हे समजायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. पुढे १८९० मध्ये उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलं की काही पेशंटना चालून आल्यावर अंधुक दिसतं. त्यांनी दोष श्रमाला दिला. खरा दोष श्रमाने वाढणाऱ्या उष्णतेचा होता, हे नंतर कळलं आणि मग त्याचीच तपासणी झाली: माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि लक्षणं वाढली तर एमएसचा संशय धरायचा. एमआरआय येईपर्यंत ही तपासणी चालू होती. पण ‘श्रमाने बिघडतं’ ही जुनी समजूत काही गेली नाही. पिढ्यान् पिढ्या पेशंटना ‘दमू नका, पडून राहा’ असंच सांगितलं गेलं. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा सल्ला तिथून आलेला आहे. त्यांना नावं ठेवत नाही मी, कॉलेजात मलाही तेच शिकवलं होतं.

त्याला पहिला मोठा धक्का १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातून बसला. पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ पेशंट घेतले. त्यांतल्या काहींना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांची सायकल चालवायला लावली. बाकीचे नेहमीसारखे राहिले. व्यायाम करणाऱ्यांचा दमसास २२ टक्क्यांनी वाढला, हातापायांत ताकद आली, मनही हलकं झालं. आजार वाढला नाही. त्यानंतर असे कितीतरी अभ्यास झाले. २०१३ मध्ये कॅनडाच्या तज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी सरळ माप ठरवून दिलं: आठवड्यातून दोनदा अर्धा तास दमसास वाढवणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा.

उष्णतेचं हे मी स्वतः पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्यात काम करत होते. मे महिना, दुपारचे बारा वाजून गेलेले. पाठ दुखते म्हणून एक बाई आल्या, फाइलमध्ये एमएस लिहिलेलं होतं. मी पाठीला हॉट पॅक लावला. पाच मिनिटांत लाइट गेली, पंखा बंद. वीस मिनिटांनी त्यांना म्हटलं, उठा. त्यांना उठताच येईना. दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. बाहेर त्यांचे यजमान बसले होते, ते आत आले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मीच त्यांच्या बायकोला लकवा आणला. माझ्या हातापायांतलंही पाणी पळालं. वरिष्ठ बाई आल्या, शांतपणे पॅक काढला, चादर भिजवून अंगावर टाकली, माठातलं पाणी घोटघोट प्यायला दिलं. पाऊण तासात त्या बाई माझा हात धरून दारापर्यंत चालत गेल्या. एमएसच्या पेशंटला शेक देताना त्या दिवसापासून मी दहा वेळा विचार करते. तुम्हीही वहिनींना कोणी ‘गरम पाण्याने शेका, बरं वाटेल’ म्हटलं तर आधी हे आठवा.

आता तुम्हाला खरी भीती याची असणार की, उन्हामुळे झालंय की नवा अटॅक आलाय हे ओळखायचं कसं? ज्याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात, त्यात नवीन लक्षण येतं किंवा जुनं ठळकपणे वाढतं आणि २४ तासांहून जास्त टिकतं, तेही ताप किंवा इन्फेक्शन नसताना. म्हणून घाबरण्याआधी वहिनींना थंड खोलीत आणा, मानेवर आणि हातांवर ओला पंचा ठेवा, गार पाणी द्या आणि तासभर थांबा. बहुतेक वेळा उतार पडतो. पडला नाही तर थर्मामीटर लावा. ताप असेल तर त्याचं कारण शोधायला डॉक्टरांकडे न्या. ताप नाही, लघवीची तक्रार नाही आणि तरी दुसऱ्या दिवशीही पाय उचलत नाही किंवा नजर आली नाही, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. ‘उन्हाचं असेल’ म्हणून चार दिवस काढू नका. थंड केल्यावर जातंय का, हे बघणं महत्त्वाचं. मी पेशंटच्या घरच्यांना एवढं एकच पाठ करायला लावते.

लघवीबद्दल इथेच बोलते, कारण ते कोणी आपणहून सांगत नाही. एमएसमध्ये घाईची लघवी लागणं फार जणांना होतं. आपल्याकडच्या बायका त्यावर स्वतःचा उपाय शोधतात, पाणी कमी प्यायचं. एसटीने जळगावला यायचं तर सकाळपासून घोटभरही नाही. स्टँडवरची स्वच्छतागृहं बघितली तर त्यांना दोष देता येत नाही. पण मग लघवी गाढ होते, इन्फेक्शन होतं, त्याने अंग तापतं आणि पाय जातात. घरचे म्हणतात अटॅक आला. स्टेरॉइडची सलाइन लावायच्या आधी लघवी तपासली असती तर आठवडा वाचला असता, असं मी कितीदा पाहिलंय. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, लघवीच्या वेळा बांधून घ्यायची पद्धत असते, गरज पडली तर औषधं असतात. पुनर्वसनात हेही येतं.

व्यायामाचं. वहिनी इतके दिवस पडून आहेत, तेव्हा निम्मी कमजोरी आजाराची नसून पलंगाची असू शकते, आणि ती परत मिळवता येते. सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्यापासून. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट बसणं, पुन्हा दोन मिनिटं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत न्या. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धं खाली सरकणं. दहा-दहा वेळा, एक दिवसाआड. जिम लागत नाही.

वेळ मात्र घड्याळ लावून ठरवा. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे पारा बहुतेक दिवस ४० च्या वर असतो, कधी ४५ लाही टेकतो. पहाटे साडेपाच ते सात, नाहीतर रात्री जेवणाआधी. संध्याकाळी सहा नको, तेव्हा स्लॅब आणि भिंती तापलेल्या असतात आणि घर आतून भाजतं. गावात कोणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर ती खोली सोन्यासारखी समजा, मातीच्या जाड भिंती दुपारीही थंड असतात. व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग थंड करून घेतलं तर माणूस जास्त वेळ टिकतो. परदेशात त्यासाठी बर्फाचे जाकीट मिळतात, आपल्याला गळ्यात ओला पंचा आणि समोर कूलर पुरतो. फक्त एक लक्षात ठेवा, कूलर आणि ओला पंचा कोरड्या हवेत काम करतात, कारण पाणी उडून जाताना गारवा देतं. श्रावण-भाद्रपदात हवाच ओली असते, तेव्हा कूलर लावला की उकाडा वाढतो. मेमध्ये चांगल्या असलेल्या माझ्या एक पेशंट गणपतीत गळून बसायच्या, ते यामुळे. तेव्हा नुसता पंखा, गार पाण्याने अंघोळ, आणि घरात एसी असेल तर संकोच न करता तो.

आता थकवा, आणि सासूबाई ज्याला सोंग म्हणतात ते. एमएसचा थकवा बाहेरून दिसत नाही. ‘तोंड तं चांगलं दिसस, मंग काय व्हयनं इले?’ हे वाक्य मी माझ्या खोलीत इतक्या सासवांच्या तोंडून ऐकलंय की आता मी त्यांनाच आधी खुर्ची देते. हा थकवा झोपेने जात नाही, काम न करताही येतो आणि दुपारनंतर वाढतो. त्यावर गोळी द्या म्हणतात लोक. अमान्टाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तीन औषधांची १४१ पेशंटमध्ये चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. साध्या बिनऔषधी गोळीपेक्षा एकही सरस ठरली नाही. कोणाकोणाला फरक पडतो, पण मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

मी ज्यावर भिस्त ठेवते ते काम कॅनडातल्या मार्शिया फिनलेसन यांचं आहे. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ आहेत, एमएसच्या लोकांचा थकवा आणि पडणं यांवर त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलंय. २०११ मध्ये त्यांच्या गटाने १९० जणांना सहा आठवडे फोनवरून शिकवलं: दिवसाच्या ताकदीचा हिशेब कसा ठेवायचा, काम कसं वाटायचं, मध्ये कधी थांबायचं, घरच्यांशी कसं बोलायचं. दवाखान्यात यायचं नाही, सगळं फोनवर. निकाल मोठा विचार करायला लावणारा आहे. थकव्याची तीव्रता कमी झाली नाही. थकव्याचा रोजच्या जगण्यातला जाच मात्र कमी झाला आणि तो फायदा सहा महिन्यांनीही टिकून होता. शिरपूरहून किंवा शहाद्याहून जळगावला येण्यातच ज्यांची दिवसाची ताकद संपते, त्यांना मी हे वाचल्यापासून फोनवर घेते. आठवड्यातून एकदा, रात्री आठनंतर. पहिल्या दोन फोनला बायका ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणतात. तिसऱ्या फोनला खरं सांगायला लागतात.

हिशेब म्हणजे काय ते वहिनींच्या स्वयंपाकघरात बघू. सकाळी साडेसहाला भाकऱ्या थापून ठेवल्या आणि दुपारी गॅससमोर उभंच राहायचं नाही, हा एक बदल. थापायचं बसून, उंच स्टुलावर, पाय टेकतील असं. भरिताची वांगी भाजायचं काम दुसऱ्या कोणाचं, ठेचून फोडणी द्यायचं वहिनींचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा कानबाईच्या रोटाला घरात माणसं भरतात, खापरावर मांडे होतात. त्या खापरासमोर उभं राहणं म्हणजे उथॉफसाहेबांना निमंत्रण. वहिनींना आतल्या खोलीत पंख्याखाली पुरण वाटायला, उंडे भरायला बसवा. त्या सणात राहतात आणि दुसऱ्या दिवशी उठूनही बसतात. कामातून पूर्ण काढून टाकलं तर बाई आतून मोडते आणि ‘काही करत नाही’ हे बोलणंही तिलाच बसतं. माझ्या एका पेशंटला दर आखाजीला माहेरी अंधुक दिसायचं. दृष्ट काढायचे, मीठ-मोहरी ओवाळायचे. भर दुपारी एसटीचा प्रवास आणि मग अंगणातला झोका, एवढंच कारण होतं. आता त्या पहाटेच्या गाडीने जातात, झोका रात्री खेळतात.

पडण्याबद्दल थोडंच. चार देशांतल्या एमएस पेशंटची माहिती एकत्र केली तेव्हा निम्म्याहून जास्त लोक तीन महिन्यांत एकदा तरी पडले होते. वहिनींचा डावा पाय चालताना घासतो का, चपलेचा पुढचा भाग जास्त झिजलाय का, बघा. झिजला असेल तर पायाला आधार देणारी स्प्लिंट, आम्ही तिला एएफओ म्हणतो, मापाने करून घ्या. अंगठ्याची सुटी चप्पल बंद, मागे पट्टा असलेली घाला. मोरीत खडबडीत चटई टाका, रात्री तिथे दिवा असू द्या. काठीची लाज वाटते सगळ्यांना. मी म्हणते, शेतात जाताना हातात काठी असलेल्या माणसाला कोणी आजारी म्हणत नाही, तशी घ्या.

पुनर्वसन काय करत नाही तेही सांगितलं पाहिजे. ते आजार थांबवत नाही. मेंदूत-मणक्यात नव्या इजेचे डाग येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं-गोळ्या आहेत, त्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, कोणी कितीही खात्रीचा काढा दिला तरी. आमच्या शास्त्रातही सगळं यशस्वी होत नाही. वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये विचारांचा वेग सुधारावा म्हणून व्यायाम आणि मेंदूचा सराव एकत्र देण्याची मोठी चाचणी झाली, सहा देशांत, ३११ जण. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही एकत्र दिल्याने काही खास जास्त मिळालं नाही. मला वाईट वाटलं होतं, कारण मीही तसंच करत होते.

कागदाचंही एक काम करून घ्या. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात एमएस नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. यूडीआयडी कार्डसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा, सवलतींसाठी बहुधा ४० टक्के अपंगत्व लागतं. अडचण अशी की तपासणीच्या दिवशी माणूस बरा चालला तर डॉक्टरांच्या बोर्डाला काही दिसत नाही. नाटक करायचं नाही, पण नोंदवही न्या.

नोंदवही सोपी आहे. सुतळीने २५ फूट, म्हणजे सात मीटर ६२ सेंटिमीटर, अंतर ओसरीवर मोजून दोन खुणा करा. संशोधनात हेच अंतर वापरतात. वहिनींनी सुरक्षित वाटेल तेवढ्या वेगाने चालायचं, मोबाइलवर सेकंद मोजायचे. रविवारी पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. पहाटे आठ आणि दुपारी अकरा सेकंद येत असतील तर ते ऊन बोलतंय. पहाटेचेच आठचे साडेनऊ-दहा झाले आणि पुढच्या रविवारीही तसेच राहिले, तर डॉक्टरांना दाखवा, कारण साधारण २० टक्क्यांहून मोठा फरक आम्ही खरा धरतो. शेजारी लिहा: ताप होता का, पाणी किती प्यायल्या, झोप लागली का.

आणि भाऊ, तुम्ही वहिनींसाठी एवढं विचारताय याचं कौतुक आहे, पण सेकंद मोजायला तुम्ही नको, दादांना बसवा. लघवीची घाई, रात्री पाय ताठरणं, पाळीच्या दिवसांत वाढणारा त्रास, पुढे मूल हवं की नको, यातलं काही त्या दिराला सांगणार नाहीत. दादांना वाचायला वेळ नसेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा, आणि शेकण्याचा भाग आईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचा.